चौकात गुंतलेले धागे

"जरा टॉर्च धरता का?"

प्रयोगशाळेतल्या फ्रीजरमागून आवाज आला आणि मी दचकलेच. मागे एक मेकॅनिक अंग चोरून बसला होता. कपाळावर धुळीचा पट्टा, आणि डोळे... असू दे.

मी टॉर्च धरला.

"यात काय ठेवता एवढं जपून?"

"एन्झाइम. चार महिने झाले, काम करायलाच तयार नाही. सोमवारपर्यंत नाही जमलं, तर माझे मार्गदर्शक सर हा विषयच बंद करणार."

"करतं काय ते?"

"पेशीतला डीएनए तुटला, की दुरुस्तीसाठी तो जोडीदार डीएनएला बिलगतो. दोघांचे धागे गुंतून चौक होतो. मग हे एन्झाइम नेमक्या जागी कापतं आणि दोघं मोकळे होतात."

"ताटातूट करतं म्हणजे!" त्यानं मान वर केली. "बरंय मग, बंद पडलंय ते."

मला हसूच फुटलं. "नाही कापलं तर पेशी मरेल हो! आणि सुटल्यावरही एकाचं थोडं काही दुसऱ्याकडे राहतं... कायमचं."

त्यानं पुढे येऊन फ्रीजरचं दार उघडलं आणि आत हात घालून पाहिला.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "आकडा उणे वीस दाखवतोय, पण दुपारी हा आतून चक्क कोमट होतो. तुमचं एन्झाइम नासलंय. तुमची चूक नाही."

चार महिन्यांत हे मला कुणीच म्हटलं नव्हतं.

मी नवं एन्झाइम तयार करायला घेतलं. फ्रीजर त्याच दिवशी दुरुस्त झाला, तरी तो रोज दुपारी येई. खिडकीतून तिरकं ऊन यायचं, आम्ही काहीबाही बोलायचो, आणि घड्याळ जणू कापसावरून चालायचं.

"दुरुस्त झाला ना? मग रोज कशाला येतो तो?" आईनं फोनवर विचारलं.

"तापमान बघायला."

"कुणाचं?"

मी फोनच ठेवला.

रविवारी जांभळ्या उजेडात जेल पाहिलं; डीएनएचे तुकडे त्या जेलीत आकारानुसार वेगवेगळ्या रेषांत दिसतात. रोजच्या एकाकी रेषेखाली आज दुसरी रेषा लखलखत होती. कापलं होतं!

सोमवारी सरांनी चष्मा पुसून ती रेषा दोनदा पाहिली. "चालू ठेव," एवढंच म्हणाले.

मी जिने उतरत धावले. तो गाडीत हत्यारं ठेवत होता.

"कापलं!"

त्याचा चेहरा उजळला... मग किंचित उतरला. "म्हणजे माझं इथलं काम संपलं."

"फ्रीजरचं संपलं," मला धाप लागली होती. "मला मात्र तुम्ही — आवडता. उद्या साडेचारला याल? हत्यारं न आणता?"

त्यानं हातातला पाना गाडीत ठेवला. मग हळूच म्हणाला, "चारला आलो तर चालेल?"