आगीच्या पाण्याचा पाइप

"तो पाइप लाल हवा."

मागून आवाज आला आणि माझा ब्रश चित्रातल्या कारखान्याच्या चिमणीच्या मधोमध घसरला. वळून पाहिलं, तर डोक्यावर पिवळं हेल्मेट, कोपरापर्यंत रंगाचे डाग आणि चेहरा परीक्षकाचा!

"मी निळा काढलाय," मी म्हटलं.

"तेच सांगतोय. आगीच्या पाण्याचा पाइप, आग विझवायचा, लालच असतो. मीच रंगवलाय."

वजनकाट्याच्या ऑफिसच्या गच्चीवरून मी समोरचा कारखाना रंगवत होते. चित्रस्पर्धेचा नियम होता, रंग फक्त तीन. मी निळा, तपकिरी आणि पांढरा घेतले होते. आकारही मोजकेच... चार चिमण्या, दोन टाक्या, थोडे पाइप आणि वर मोठं आकाश. जिंकले तर वर्षभर स्वतःची चित्रं काढायला जागा मिळणार होती, नाहीतर पुन्हा काकांच्या दुकानात पाट्या रंगवणं. शुक्रवारी चित्र द्यायचं होतं आणि या माणसाला पाइपाची पडली होती.

"माझ्याकडे लाल नाहीये," मी दात-ओठ खात सांगितलं.

"आणि आग लागली म्हणजे?"

"अहो, चित्रात आग लागत नाही!"

"तुमच्याकडे बघून तसं वाटत नाही," तो म्हणाला, आणि हसत जिना उतरला. मेला!

मग रोजच चहाच्या सुट्टीत हजर. हातात दोन कप आणि तोंडात तक्रार. वाफेचा पाइप कुठे गेला? शिडी का गाळली? त्याने माझ्या नाकी नऊ आणले. कंटाळून मंगळवारी मी सगळे पाइपच पुसून टाकले.

त्याने दोन्ही कप खाली ठेवले.

"दोन महिने दोराला लटकून रंगवलेत ते..." एवढंच म्हणाला. "असू दे. शनिवारी माझं इथलं काम संपतंय."

बुधवारी तो आला नाही. गुरुवारीही नाही. हवी होती ती शांतता मिळाली, आणि मला एक रेघ धड ओढता येईना! सारखं जिन्याकडे लक्ष. चहा स्वतः आणला, तर तो पाणचट लागला. स्वतःचाच असा राग आला... शेवटी चित्र फाडलं, निळा आणि तपकिरी पेटीत टाकले आणि काळा, पांढरा, लाल घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसले.

शुक्रवारी सकाळी तो उगवला. चित्रापुढे उभा राहिला. राखाडी चिमण्या, राखाडी टाक्या आणि आडवा एकच पाइप. लाल.

"नियम मोडलात," तो म्हणाला. "आकाशाला निळा चौथा झाला."

"निळा नाहीच. काळ्यात पांढरा मिसळलाय. लाल शेजारी आहे म्हणून तो निळा दिसतो."

त्याने तळहाताने पाइप झाकला. आकाश राखाडी झालं. हात काढला. पुन्हा निळं.

"आणि लाल गेला तर?"

"दोन दिवस बघितलं की!" माझा आवाज नको तेवढा चढला. "होतास कुठे? एवढं रुसायचं एका पाइपावरून?"

"रुसतोय कोण? सोमवारपासून नदीपलीकडच्या कारखान्यात काम आहे. तिथे समोर गच्ची आहे का ते बघायला गेलो होतो..." त्याने हेल्मेट काढून हातात फिरवलं. "तुला बसायला."

मी इथे वाट बघतेय, आणि हा हेल्मेटशी खेळतोय!

"मग? आहे का?"

"आहे. सावलीही आहे. फक्त..."

"फक्त काय? बोल ना एकदाचं!"

"तिथे अठ्ठेचाळीस पाइप आहेत."

मी कपाळाला हात लावला. बोटांचा लाल रंग कपाळभर झाला असणार, कारण तो हसायला लागला.

"सगळे काढीन," मी म्हटलं. "पण चहा तूच आणायचास."