घरटी: शून्य

आमची ओळख चिखलात झाली. संरक्षित पाणथळीच्या पाहणीला आले आणि पहिल्याच दिवशी गुडघ्यापर्यंत रुतले. नावेतून एकजण खुशाल हसत होता.

“हसताय काय? हात द्या!”

“देतो की, मॅडम. पण मग सोडणार नाही हं...”

असा आगाऊ माणूस! पण नाव त्याचीच, म्हणून गप्प बसले. पुढे दोन महिने त्याच्याबरोबर सगळी पाणथळ पालथी घातली. कुठे माणसाने पाऊलही टाकायचं नाही आणि कुठे पर्यटकांचे तंबू चालतील, हे मी केलेल्या पक्ष्यांच्या घरट्यांच्या मोजणीवर ठरणार होतं. पूर्वेच्या काठावर पाच तंबू उभारायचे, हे त्याचं स्वप्न. मागच्याच आठवड्यात मी अहवालात लिहिलं होतं — पूर्व काठ, घरटी: शून्य.

आज त्यावर समितीच्या सह्या होणार होत्या. बैठकीला दहा मिनिटं उरली असताना तो धापा टाकत जिन्यात आडवा आला.

“मॅडम, पूर्वेच्या काठावर अंडी आहेत. सुरय पक्ष्यांची. दगडगोट्यांत दिसतच नाहीत... सतरा मोजली.”

मी त्याला जिन्याच्या कोपऱ्यात ओढलं. “कुणाला सांगितलंत?”

“फक्त तुम्हाला.”

“अहो, पण तुमचे तंबू —”

“माहीत आहे. गप्प बसून पाहिलं... जमलं नाही. आता तुम्ही ठरवा.”

ठरवा म्हणे! माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. चुकीचा अहवाल देणारीला कोण ठेवणार? त्याचा इतका राग आला की डोळेच भरून आले.

आत समितीचे अध्यक्ष असलेल्या आमच्या साहेबांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं आणि मी उभी राहिले.

“साहेब, थांबा. पूर्व काठाची माझी मोजणी चुकली आहे. तिथे दगडगोट्यांत घरटी आहेत.”

अकरा माना माझ्याकडे वळल्या.

“त्याच गोट्यांवरून चालत गेलात ना?” साहेबांचा आवाज चढला. “लक्ष कुठे होतं तुमचं?”

थाप मारता आली असती. ऊन होतं, दुर्बीण बिघडली होती... जीभच वळेना.

“नाववाल्याकडे,” मी म्हणाले.

दाराशी उभा असलेला नाववाला कानापर्यंत लाल झाला. कुणीतरी खोकलं. साहेबांनी अहवालातला तो शून्य खोडला आणि निर्णय सांगितला. पूर्व काठ बंद, तंबूंना परवानगी नाही. फेरमोजणी दुसरं कुणीतरी करेल, आणि मला कायम करायचं की नाही ते सहा महिन्यांनी बघू.

बाहेर आले. जिन्यातच बसले. तो दोन पायऱ्या खाली बसला.

“तंबू गेले,” मी म्हणाले.

“गेले.”

“राग नाही आला माझा?”

“भीती वाटत होती.” तो हाताच्या तळव्याकडे बघत राहिला. “तू गप्प बसलीस तर... तर मग मी दोन महिने कुणावर प्रेम करत होतो?”

मी दोन पायऱ्या उतरले आणि त्याच्या शेजारी बसले.