चपलांचा किनारा

त्या बेटावर पर्यटक न्यावेत की बेटाला सुखाने जगू द्यावे, हे ठरवायला आम्ही तिघे निघालो. मोहिमेची प्रमुख माझी भाची. किनाऱ्यांची प्रत तपासणे हा तिचा व्यवसाय. होडी हाकायला नावाडी. आणि मी? सामान्य पर्यटकाला किनारा कसा वाटेल हे पाहायला एक सामान्य माणूस हवा होता. तो तिला घरातच सापडला.

किनारा देखणा होता. पिठासारखी वाळू, निवळशंख पाणी आणि पाठीशी चढायला अशक्य असा उभा कडा. फक्त एका कोपऱ्यात चपलांचा ढीग होता. चपला, बाटल्या, एक प्लास्टिकची खुर्ची.

"समुद्रात जे तरंगतं ते प्रवाह फिरवून इथे आणून टाकतो," भाची म्हणाली. "स्वच्छतेला शून्य."

"शून्य नका देऊ, मॅडम. मी झाडून घेतो," नावाडी म्हणाला.

"काय, समुद्र?"

मग रुंदी मोजायची वेळ आली. ओहोटीमुळे वाळू इतकी पसरली होती की टेप पुरेना. भाचीची नजर होडीच्या दोरावर गेली. होडी वाळूत छान रुतून बसली होती. नावाड्याने दोर सोडून आणला. एक टोक मी धरले. सामान्य माणसाला तेवढे जमते.

मोजमाप इतके तंतोतंत चालले होते की भरती लागल्याचे कोणाच्या लक्षातच आले नाही.

"होडी!"

आम्ही धावलो. नावाडी छातीभर पाण्यात शिरला. लाटेने परत फेकला. पुन्हा शिरला. पुन्हा फेकला! माझी डावी चप्पल गेली. होडी वाऱ्याबरोबर खडकाआड दिसेनाशी झाली. पिण्याचे पाणी, फोन आणि लाइफ जॅकेटे तिच्यातच होती.

"दाजींची होडी आहे," नावाडी म्हणाला. "ती गेली तर मला इथेच सोडून जा."

"कशात बसून जाऊ?" मी विचारले.

मघाशी मोजलेली वाळू एकेक लाट गिळत चालली. त्यातल्या त्यात उंच म्हणून आम्ही चपलांच्या कोपऱ्यात सरकलो आणि कड्याला पाठ लावली. पाणी घोट्यांना लागले. गुडघ्यांना. कमरेला. भाचीने माझा हात धरला; लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

"मामा, आता काय करायचं?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि ते आम्ही मनापासून केले.

ढिगातल्या चपला तरंगून आमच्याभोवती फिरू लागल्या. मग समुद्राकडून नव्या आल्या. मागोमाग बाटल्या. एक फुटका डबा. आणि डब्याच्या मागून, रांगेत आपला नंबर लागल्यासारखी, दाजींची होडी!

नावाड्याने ती आधी दोराने स्वतःच्या कमरेला बांधली, मग रडला.

"आता तरी शून्य खोडा, मॅडम," होडीत चढल्यावर तो म्हणाला.

"शून्यच. भरतीला जिथे उभं राहायला जागा नाही, तिथे माणसं आणायची नाहीत."

माझी चप्पल काही आली नाही. कुणाची तरी डावी पायात घालून घरी आलो. अजून वापरतो. किंचित चावते.