कापून नेलेले डोळे

सकाळी दरबार उघडला तेव्हा सिंहासनामागच्या ड्यूक आस्कानिओच्या चित्राला डोळेच नव्हते. कोणीतरी ते सुरीने गोल कापून नेले होते.

मोंतेव्हेर्नो संस्थानात ड्यूकच्या कुठल्याही चित्राकडे पाठ केली तरी फटके बसत. ड्यूकने फर्मावलं, दुपारपर्यंत गुन्हेगार सापडला नाही तर चित्रकार बाल्दासारेला फाशी. तपास न्यायाधीश तेओफिलोकडे आला. चित्रकारानंतर आपलाच नंबर, हे त्याला ठाऊक होतं.

"तूच कापलेस?" त्याने बाल्दासारेला विचारलं.

"साहेब, मला काय मरायची हौस आहे? चित्र परवाच टांगलं. ही बघा, माझी शिडीसुद्धा अजून इथंच आहे."

शिडी खरंच भिंतीला टेकलेली होती. पण सिंहासनाच्या मखमली गादीवर बुटाचा ठसा होता.

"ड्यूक तुझ्यासमोर बसले किती वेळ?"

बाल्दासारे चाचरला. "एकदाच, तेही घाईत. मग मी थोरल्या सरकारांच्या चित्राचा जुना कागद काढला. रेघांवर टाचणीची भोकं, वरून कोळशाची पूड, की खालच्या कापडावर तोच चेहरा उमटतो. नाक-हनुवटी बदलली. डोळे मात्र थोरल्या सरकारांचेच राहिले."

थोरले सरकार म्हणजे ग्वीदो, आस्कानिओचा मोठा भाऊ आणि आधीचा ड्यूक. गेल्या वर्षी तापाने गेला, असं सांगत.

दुपारी भरल्या दरबारात तेओफिलो उभा राहिला.

"सरकार, शेजारी शिडी असताना चोर सिंहासनावर चढला. इथला झाडूवालासुद्धा ती गादी गुडघे टेकून झटकतो. तिच्यावर पाय द्यायला कचरणार नाही असा माणूस एकच."

"जीभ छाटीन!"

"छाटा. पण त्याला चित्राचा राग नव्हता, नाहीतर त्याने सगळं फाडलं असतं. त्याला फक्त डोळ्यांची भीती वाटली. ते डोळे जुन्या कागदावरून घेतले होते, कोणाचे ते..."

"ग्वीदोचे!" आस्कानिओ किंचाळला. "रात्रंदिवस माझ्याकडे बघत होता! तोंडावर उशी दाबेपर्यंत असाच बघत होता!"

दरबार गारठला. काय बोलून गेलो हे कळायला आस्कानिओला एक क्षण लागला.

"ताप नव्हता तर," तेओफिलो कसाबसा म्हणाला.

ग्वीदोच्या शवपेटीला खांदा दिलेला पहाऱ्याचा कप्तान ब्राच्चो पुढे आला. "चित्रकारा, घरी जा. बायको वाट बघत असेल."

मग त्याने ड्यूकचा दंड धरला. सोडवायला कोणीही पुढे आलं नाही.