शेजारच्या सीटचं वजन

चेरी-लिंबूपाणी, बर्फ वितळलेलं.

कुत्र्याच्या खाण्याची दोन पोती, पन्नास पौंडी.

एक स्प्रिंग मऊ, एक कडक. दोन्ही निळ्या.

गव्हाच्या कापणीची धूळ, पापण्यांवर.

यातली पोती आधी आली. कॅन्ससमधल्या आमच्या गावात पशुखाद्याचं एकच दुकान. तिथे रांगेत माझ्यापुढे एक उंच मुलगा, एक पोतं खांद्यावर, एक काखेत. कुत्रा दांडगा दिसतोय, मी म्हटलं. तो वळला... माझ्या शर्टावरचं आमच्या गॅरेजचं नाव वाचत राहिला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दुपारी गॅरेजात हजर. एमेट. एक्काहत्तर सालची नोव्हा गाडी. रोज कामावर नेतो, शनिवारी ड्रॅग शर्यतीत, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या धावेत, पळवतो. सुटताना मागची चाकं जागीच भिरभिरतात, म्हणून पुढे नव्या स्प्रिंगा हव्यात. तीन उन्हाळे तो पहिल्याच फेरीत घरी गेलाय. या शनिवारी नाही जायचं.

स्प्रिंगांचं काम मी बघते. गाडी तोलकाट्यांवर चढवली, एकेका चाकाखाली एक. एमेट स्टिअरिंगमागे बसला, कारण वजन बसलेल्या माणसासकट धरायचं असतं. पण शेजारच्या सीटवर ती पोती होती. पट्टा लावून.

"शर्यतीत शेजारी कोणी बसत नाही," मी म्हटलं.

"ट्रॅकपर्यंत बसेल एक जण. चाळीस मैल. तिच्या वजनाऐवजी ही पोती."

"शंभर पौंडांची? नुसती हाडं आहेत का?"

"अंदाज आहे. विचारायचं धाडस नाही झालं."

म्हणजे कोणीतरी होती. मी मान खाली घालून स्प्रिंगांकडे वळले आणि त्याला समजावलं, नेहमीपेक्षा कोरडेपणाने. मऊ स्प्रिंग गाडीखाली खूप दबून बसते. सुटताना उसळते, नाक वर उचलते, वजन मागच्या चाकांवर जातं आणि ती रस्ता धरतात. पण दोघं बसले तर नाक इतकं खाली येईल की खड्ड्यांत टायर पत्र्याला घासेल. कडक घेतली तर दोघं मजेत जातील, फक्त नाक उचलणार नाही.

"मऊ घेतलीस तर जिंकशील, एकटा जाऊन. काय देऊ?"

त्याने पोत्यांचा पट्टा नीट केला. "कडक दे."

"तीन उन्हाळे हरून?"

"हो."

माझं मन नोव्हाच्या नाकासारखं खाली बसलं. तरी विचारलंच — "कोण आहे ती?"

त्याचे कान लाल झाले. "पोती उतरव... आणि तू बसून बघ. म्हणजे नक्की आकडा कळेल."

पलीकडच्या ट्रकखालून डॅडचा आवाज आला, "लेटा, तू बसतेस की मी बसू?"

मी बसले. मधल्या खाचेत दोन चेरी-लिंबूपाणी होती, एक त्याचं अर्धं झालेलं, दुसरं न उघडलेलं. त्यातला बर्फ कधीच वितळला होता. तरी मी ते प्यायले. माझा आकडा बाहेर काट्यावर उमटला होता, पण वाचायला कोणीच उतरलं नाही.

मग मी मऊ स्प्रिंगाच बसवल्या. यांच्या खाली आट्यांचं कडं असतं. पान्याने फिरवलं की गाडी वर येते. मी शेजारी असेन तेव्हा वर, उतरले की खाली.

"हे आधी का नाही सांगितलंस?" एमेटने विचारलं.

"ती कोण, ते कळायचं होतं."

शनिवारी ट्रॅकवर उतरून मी जॅक लावला, दोन्ही कडी खाली घेतली. आजूबाजूच्या शेतांत कापणी चालू होती, धूळ पापण्यांवर बसत होती. दिवा हिरवा झाला आणि नोव्हाने नाक उचललं, हळूच, कोणी हाक मारल्यासारखं. पहिली फेरी तो जिंकला. दुसरी हरला, आणि हसत आला. मी कडी पुन्हा वर घेतली.

"चल," तो म्हणाला, "चाळीस मैल आहेत."

"सावकाश ने," मी म्हटलं.

नंतर कळलं, एमेटच्या शेडमध्ये त्याचे स्वतःचे तोलकाटे आहेत, दोन वर्षांपासून.