तळहातावरच्या सात बाटल्या

जिन्याच्या खिडकीपाशी ती थांबली. वाइनची बाटली पोटाशी घट्ट धरली आणि डावा तळहात डोळ्यांजवळ नेला. सोमवार ते रविवार, सात वाइनची नावं तिने पेनने तिथे लिहून ठेवली होती. घामाने निम्मी फिसकटली होती.

"दुसरं नाव रिसलिंग," मागून कोणीतरी म्हणालं. "दचकू नका. बारीक अक्षरं वाचणं हा माझा धंदाच आहे."

तिच्या वाइनच्या दुकानाशेजारचा चष्मेवाला होता तो, हातात कांद्याच्या पातीची जुडी घेतलेला. आणि वाइनच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा भाचा. तिने हात पाठीमागे लपवला.

"आत्याला नाही सांगणार," तो म्हणाला. "बघू…"

त्याने तिचा हात उजेडात धरला आणि सातही नावं सावकाश वाचली. जरा जास्तच सावकाश.

परीक्षा मालकीणबाईंनीच ठेवली होती. आठवडाभर भाचा दुकानावरच्या त्यांच्या घरी रात्रीचा स्वयंपाक करणार, कोणत्या दिवशी काय ते कागदावर लिहून दिलेलं, आणि तिने रोजच्या जेवणाला शोभेल अशी युरोपातली एक वाइन निवडायची. सातांतल्या पाच जमल्या तर दुकानातली नोकरी पक्की. नाहीतर दादाच्या टाइल्सच्या गोदामात परत, आणि 'तरी मी म्हणत होतो' हे वाक्य जन्मभर ऐकायचं. बिचारीने वाइन बहुतेक पुस्तकांतूनच प्यायली होती.

सोमवारी टोमॅटोतल्या कोंबडीबरोबर कियांती, इटलीची लाल वाइन. मालकीणबाईंनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि आणखी एक घोट घेतला. "बरंय," त्या शेवटी म्हणाल्या.

मंगळवारी कोळंबी होती. दुपारीच वर फ्रिजमध्ये ठेवलेल्या बाटलीचं बूच काढल्यावर तिला कळलं, तिने आणलेली रिसलिंग ही पांढरी वाइन गोडसर आहे. कागदावर लिहिलेल्या साध्या लोण्यातल्या कोळंबीपुढे ती सरबतासारखी लागणार. पण ताटात आली ती आलं-मिरचीतली झणझणीत कोळंबी, आणि गोड घोट तिच्यावर असा बसला की मालकीणबाईंनी पुन्हा वाढून घेतलं. चष्मेवालाही खाली मान घालून जेवला.

बुधवारी तो गळ्यापर्यंत बटणं लावून बसला होता. मान लालभडक. तिच्याकडे बघेना, धड बोलेना. आता हात पाहिल्याचा पस्तावा होतोय याला, तिने ठरवून टाकलं. त्या दिवसापासून तिला दोन गोष्टींची भीती वाटू लागली, नोकरी जाण्याची आणि तो दुरावण्याची, आणि खरं सांगायचं तर नोकरीची भीती धाकटी होती.

शनिवारी दुपारी तिने बरोलो, इटलीची जड लाल वाइन, वर नेऊन उघडून ठेवली. ही वाइन तास-दोन तास आधी हवेवर मोकळी ठेवावी लागते. खाली आल्यावर कागदावर नजर गेली. शनिवार — वाफवलेला मासा. मटण उद्या… रोज गिरवून फिसकटलेल्या अक्षरांनी घात केला होता. वाफवलेल्या माशावर बरोलो म्हणजे तोंडात गंजका खिळा. ती धापा टाकत वर धावली.

स्वयंपाकघरात मटण परतलं जात होतं. मासा फ्रिजमध्ये मागे सरकवलेला.

"मासा उद्या," तो न वळता म्हणाला.

"मंगळवारीसुद्धा… तुम्हीच?"

"हो. बाटलीवर बारीक अक्षरात 'गोड' होतं. आणि गुरुवारी थोडं लिंबू फक्त."

"म्हणजे माझ्या तीनच बरोबर." तिने बोटांवर मोजलं. "कशाला केलंत हे?"

तो मटण परतत राहिला.

रविवारी मासा टेबलावर आला. बाटलीला हात लावण्याआधीच ती उभी राहिली. "मॅडम, सहांतल्या तीन चुकल्या होत्या. तुम्हाला कळल्या नाहीत, कारण जेवण बदललं गेलं. दोष माझा आहे. मी उद्यापासून येत नाही."

मालकीणबाईंनी नॅपकीन घडी करून ठेवला. "मला मंगळवारीच कळलं. याला आल्याने अंगभर पित्त उठतं. अकरा वर्षांत या घरात आलं आलेलं नाही. आणि हा वाडगाभर खाऊन बसला, मला संशय येऊ नये म्हणून."

बुधवारची ती लाल मान… तिने त्याच्याकडे पाहिलं. तो आज सगळाच लाल झाला होता, आणि माशात आलं नव्हतं.

"परीक्षा उद्यापासून पुन्हा," मालकीणबाई म्हणाल्या. "सात दिवस. स्वयंपाक मी करणार."

"आत्या, तुझ्या हातचं सगळं करपतं."

"मग शोधू दे हिला, करपलेल्याबरोबर कोणती वाइन चालते ते. खोटं न बोलणारी मुलगी मला हवीच आहे. वाइन कळणारी आहे का, ते अजून बघायचंय."

जेवणानंतर तो तिला सोडायला जिन्यापर्यंत आला. खिडकीपाशी तिने हात पुढे केला. धुऊन कोरा केलेला.

"काहीच नाही लिहिलेलं," ती म्हणाली. "तरी धराल?"

त्याने धरला. त्याचाही तळवा ओला होता.

"इतका घाम?"

"सोमवारपासून घाबरलोय," तो म्हणाला. "तुम्ही नापास झालात तर निघून जाल म्हणून. मला तुम्ही… फार आवडता."

"मलाही तुम्ही." तिने बोटं त्याच्या बोटांत गुंतवली. "पण अजून भीती वाटतेय. उद्या तुमच्या आत्या काय करपवणार आहेत?"

"माहीत आहे मला," तो म्हणाला, आणि हात आणखी घट्ट धरला. "पण सांगणार नाही."