विरळ रेषांवरचा दिवा

हे परत येईपर्यंत रोज तिन्हीसांजेला त्यांच्या वाटेवर दिवा ठेवीन, असं मी देवापुढं बोलले होते. पण यांची वाट डोंगरातली. मोजणीखात्याकडून हे वरच्या तळ्यांची खोली मोजायला गेले होते. धुकं उतरलं तसे बरोबरचे खाली आले, हे आले नाहीत.

धाकटे भावजी नकाशे काढतात. त्यांनी त्या भागाचा नकाशा आणून जेवणाच्या टेबलावर, काचेखाली पसरला. निळी तळी, आणि भोवती बोटांच्या ठशासारख्या तपकिरी रेषा. तशा काळजीतही मी बघत राहिले. एका तळ्याच्या वर रेषा अगदी दाट होत्या. पायऱ्या असतील असं वाटून मी दिवा तिथं ठेवला.

“वहिनी, तो कडा आहे,” भावजी म्हणाले. “रेषा जितक्या जवळ, तितका उतार खडा. दादाला उतरवायचंय की ढकलायचंय?”

मी घाईनं दिवा डावीकडे सरकवला, तळ्याच्या काठाला. तिथं रेषा विरळ होत्या.

दुसऱ्या दिवशी हे आले. चहा निवून गेला तरी कप हातातच.

“वर उजेड दिसला,” हे हळूच म्हणाले. “तिकडेच निघालो होतो. मग तो... सरकला. डावीकडे, पाण्याकाठी. मीही वळलो. मागं पावलं वाजत होती, तीही वळली. पाण्याशी आल्यावर थांबली.”

“कोण होतं?”

“एक नव्हतं गं... बरीच होती.”

बोललेलं फिटलं, पण दिवा बंद करायला मन होईना. तीही कुणाची तरी असतीलच ना? आता दिवा ठेवला की त्याच्याभोवती काचेला आतून वाफ धरते. छोटे छोटे गोल, शेजारी शेजारी, कुणी तोंड जवळ आणून श्वास सोडावा तसे. मी रोज दिवा जरासा खाली सरकवते. गोलही सरकतात. काल ते नकाशाच्या कडेपर्यंत आले.

तुमचा भाऊ त्याच डोंगरात गेलाय म्हणता, आणि अजून पत्ता नाही. नकाशा मी देते. तुम्हीही दिवा ठेवा, रेषा विरळ बघून. आणि एवढं ऐका, काचेवर वाफ धरली तर पुसू नका.